वाचलंत ना? मग घरात बोला!



आपण बायका घरात दिवसभर किती बोलतो, याचा कधी हिशेब मांडलाय का? पाणी किती वाजता येणार, गॅस संपत आला, धाकट्याची चाचणी कधी, मावशींकडच्या लग्नाला आहेर काय करायचा... बोलून बोलून घसा कोरडा पडतो. पण दुपारी कामं आवरल्यावर जे पुस्तक वाचलं, ज्या गोष्टीनं डोळ्यांत टचकन पाणी आलं, त्याबद्दल रात्री जेवताना कुणाशी चार शब्द बोललात? बहुतेकींचं उत्तर "छे बाई, कुणाला वेळ आहे!" असंच येईल.

वेळेचं म्हणाल तर खरंच आहे. आमच्या दिव्याकडचंच पाहा ना. घरं लहान, बहुतेक एक खोली आणि स्वयंपाकघर. यजमान पहाटेची लोकल धरतात ते दिवेलागणीनंतर घरी येतात. येतात ते गर्दीत पिळून निघालेले. मुलं क्लासला, मोठी मुलगी मोबाइलमध्ये, सासूबाई टीव्हीसमोर. चार माणसं एका खोलीत, पण चौघांची तोंडं चार दिशांना. अशा घरात पुस्तकाच्या गप्पा म्हणजे चैनच वाटेल. पण अशाच घराला त्यांची जास्त गरज असते. का, ते सांगते.

घरात काही गोष्टी सरळ बोलता येत नाहीत. सुनेला सासूबाईंना विचारता येत नाही, की तुम्हाला तुमच्या संसारात सुख लागलं का? चौदा वर्षांच्या मुलीला आईजवळ म्हणता येत नाही, की मला हल्ली उगीचच रडू येतं. नवऱ्याला बायकोसमोर कबूल करता येत नाही, की नोकरीत मन लागत नाही. पण हेच सारं कादंबरीतल्या माणसाविषयी बोलता येतं. "ती बाई तशी का वागली असेल गं?" एवढं विचारायचा अवकाश, आतलं काहीतरी हळूच बाहेर येतं. आपण दुसऱ्याविषयी बोलतो, म्हणून कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरातली गोष्ट सांगते. यजमानांना शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' फार प्रिय. १९६७ साली आलेली ही कादंबरी आपल्याकडे घराघरांत वाचली गेली. तिच्यात कर्ण स्वतः बोलतो, तशीच कुंतीही आपली बाजू मांडते. सूनबाईंनी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचलं. तेही त्याच सुमाराचं, १९६८ सालच्या साहित्य अकादमी पुरस्काराचं. इरावतीबाई महाभारतातल्या माणसांकडे भक्तीनं पाहत नाहीत. माणूस म्हणून जोखतात आणि कर्णाचीही गय करत नाहीत. झालं! नवराबायकोत जेवणाच्या ताटावर जुंपली. तो म्हणे, कर्णावर जन्मभर अन्याय झाला. ती म्हणे, अन्याय झाला हे मान्य, पण भर सभेत द्रौपदीला बोलला ते कुणी बोलायला लावलं होतं?

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी दोन्हीपैकी एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, पण महाभारत त्यांना कीर्तनातून पाठ. त्या एकदम म्हणाल्या, "तुम्ही दोघं कर्णाचंच घेऊन बसलात. पोर पाण्यात सोडून परत फिरताना त्या आईचे पाय कसे उचलले असतील, ते कुणी विचारलंत?" आणि मग त्यांनी सांगितलं, की थोरला दीड वर्षाचा असताना त्याला गावी आजीकडे ठेवून त्या मुंबईला आल्या होत्या. इथे एका खोलीत सहा माणसं राहत होती. तीन वर्षांनी त्याला आणायला गेल्या, तर तो आजीच्या पदराआड लपला. "आई म्हणायला त्याला सहा महिने लागले," म्हणाल्या. ताटावर बसलेला तो थोरला आता पन्नाशीचा. त्याला हे ठाऊकच नव्हतं. आई आपल्याशी जरा तुटक का वागते, याचं कोडं घेऊन तो इतकी वर्षं वावरत होता. कुंतीचा विषय निघाला नसता, तर हे कधी निघालं असतं का?

आपल्या ओठांशी आलेलं पुस्तकाचं बोलणं बहुतेकदा एका वाक्यानं परततं, "तुला काय कळतंय त्यातलं!" कधी ते वाक्य नवरा म्हणतो, कधी सासरे, कधी तर आपलाच कॉलेजात जाणारा मुलगा. म्हणणाऱ्याच्या मनात फारसं काही नसतं, पण ऐकणारीचं पुस्तक मिटतं ते मिटतंच. पुढच्या वेळी ती वाचते, पण बोलत नाही. काही वर्षांनी वाचतही नाही.

हे आजचं नाही बरं का. रमाबाई रानड्यांचं लग्न १८७३ साली झालं, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या. न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना लिहावाचायला शिकवायला घेतलं. पण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते मुळीच रुचलं नाही. दिवसा त्यांची बोलणी खायची आणि रात्री नवऱ्यापाशी धडा घ्यायचा, असा तो काळ होता. पुढे न्यायमूर्तींची नजर अधू झाली, तेव्हा रमाबाई त्यांना वाचून दाखवत. अक्षरं गिरवायला शिकलेली मुलगी आता घरच्या विद्वानाला वाचून दाखवते आहे, केवढा हा पालट! १९१० साली त्यांनी आपल्या आठवणी पुस्तकरूपानं प्रसिद्ध केल्या. संसार करता करता बाईला स्वतःचं मत कसं फुटतं, हे पाहायचं असेल तर ते पुस्तक जरूर मिळवा.

आणि करमणुकीच्या वाचनाला कमी लेखू नका. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं, त्यात 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः येत होती. यमू आपलीच कहाणी सांगते आहे, अशी ती लिहिलेली. विधवेचे हाल निबंधातून वाचणं वेगळं आणि आपल्याच घरातल्यासारखी एक मुलगी ते सांगते आहे, हे दर आठवड्याला वाचणं वेगळं. पुढे १९३३ साली 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावानं 'कळ्यांचे निःश्वास' आलं, तेव्हा महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींचं मन त्या गोष्टींत उघडं केलं होतं. टोपणनावामागे होत्या मालतीबाई बेडेकर. मुलींच्या मनात असलंही काही असतं, हे पुष्कळ घरांत गोष्टीतूनच पहिल्यांदा शिरलं असेल. बोलायची वाट पुस्तकानं मोकळी केली.

आता करायचं कसं, ते पाहू. फार मोठा घाट घालायला नको. घरगुती गोष्ट घरगुतीच राहावी.

पहिलं म्हणजे, वेळ ठरवू नका, प्रसंग धरा. भाजी निवडताना, शेंगा सोलताना, रविवारी सकाळी चहाच्या दुसऱ्या कपाला. हात कामात गुंतलेले असले की तोंड मोकळं होतं. "चला, आता पुस्तकावर चर्चा करू" म्हणालात, की मुलं पळालीच म्हणून समजा.

दुसरं, गोष्ट सांगत बसू नका. आपली सवय अशी, की कथानक पहिल्यापासून शेवटापर्यंत सांगायचं. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, शिवाय शेवट कळल्यावर तो ते पुस्तक हातात घेत नाही. एकच जागा सांगा, जी मनात रुतली ती. "त्यात एक बाई आहे, ती घर सोडून निघते आणि दारातून परत फिरते. मी असते तर परत फिरले असते का, तेच मला सुचेना." एवढं पुरे. उत्सुकता असेल तो पुढचं विचारेल.

तिसरं, मुलांची परीक्षा घेऊ नका. "यातून काय बोध घेतलास?" हा प्रश्न शाळेसाठी ठेवा. घरात विचारायचं ते असं : "तुला त्यातलं कोण आवडलं नाही?" नावडतं सांगायला मुलांना भारी उत्साह. आवडीचं विचारलं तर आपल्याला बरं वाटेल तेच सांगतात, नावडीचं खरं सांगतात. आणि मुलगा चित्रांची विनोदी पुस्तकं नाहीतर भुताच्या गोष्टी वाचत असेल, तर नाक मुरडू नका. त्याच्या पुस्तकाला आपण हसलो, तर तो आपल्याला का दाखवील? 'श्यामची आई' आपल्याला कितीही प्रिय असली, तरी ती मुलाला रडवलीच पाहिजे असं नाही. तो म्हणाला, "श्याम फारच रडका आहे," तर म्हणू द्या. का, ते विचारा. त्याच्या उत्तरात श्याम कमी आणि तोच जास्त सापडेल.

चौथं, म्हाताऱ्या माणसांना वगळू नका. डोळ्यांना दिसत नाही म्हणून वाचन सुटतं, मत काही सुटत नाही. नातवंडाला रोज दोन पानं आजीला मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. त्याचं वाचन सुधारतं, तिला सोबत मिळते आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ कोशात न बघता आजीकडेच मिळतो.

पाचवं, यजमानांचं. त्यांच्याकडे वेळ नाही असं म्हणतो खरं, पण लोकलचा रोजचा प्रवास आहेच. गर्दीत पुस्तक उघडता येत नसेल, तर मोबाइलवर पुस्तकं ऐकायची सोय आता झाली आहे. त्यांनी ऐकावं, तुम्ही वाचावं आणि रविवारी भांडावं. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' १९९० साली आलं, तेव्हा पु. लं.वर प्रेम करणाऱ्या मराठी माणसांत त्यावरून केवढे वाद रंगले होते! लाडक्या माणसाची घरातली बाजू त्याच्या बायकोनं मांडली, हे काहींना झोंबलं आणि काहींना ते आपलंच वाटलं. आजही हे पुस्तक दोघांनी वाचून पाहा. कोण कुठे अडखळतं त्यावरून संसाराविषयी पुष्कळ कळेल. मात्र वाद पुस्तकाचा आहे, हे विसरू नका. "तुम्ही पण तसेच!" इथवर आलं, की चहा टाकायला उठावं.

आणि "तुला काय कळतंय"चं काय? त्याला उत्तर रागावून देऊ नका, गप्पही बसू नका. शांतपणे म्हणा, "मला काय वाटलं ते मी सांगते आहे. ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कसं कळणार?" पुस्तक श्रेष्ठ की कनिष्ठ ते समीक्षकांना ठरवू द्या. ते वाचताना तुम्हाला काय झालं, यात मात्र तुमचाच शब्द शेवटचा.

पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न उरतो. सगळी विकत घ्यायला कुणाला परवडणार? पण आपण दिवेकर भाग्यवान आहोत. दिवा स्टेशन ठाणे आणि कल्याणच्या जवळजवळ मध्यावर येतं आणि दोन्हीकडे जुनी, नावाजलेली ग्रंथालयं आहेत. कल्याणला रेल्वे पोचली १८५४ साली आणि त्यानंतर दहाच वर्षांत, १८६४ साली, तिथे सार्वजनिक वाचनालय सुरू झालं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे वि. ल. भावे त्याच्या संस्थापकांतले. वाटेत डोंबिवली. २०१७ सालचं नव्वदावं साहित्य संमेलन तिथेच भरलं, आणि तिथल्या पै फ्रेंड्स लायब्ररीनं पुस्तकांच्या अदलाबदलीचे सोहळेही भरवले आहेत. आपलं वाचून झालेलं द्यायचं आणि दुसऱ्याचं न्यायचं.

हेच इमारतीतल्या इमारतीत का करू नये? हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटण्यापेक्षा घरातलं एक वाचलेलं पुस्तक द्या. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं एक ओळ लिहा : कुठल्या पानाशी मी थांबले आणि का. पुढचीनं खाली आपली ओळ लिहायची. पाच घरं फिरून ते पुस्तक परत येईल, तेव्हा शेजारणींची अशी ओळख पटेल, जी दहा वर्षं नळावर आणि जिन्यात भेटूनही पटली नव्हती.

या आठवड्यात एवढंच करा. जे काही वाचाल, पुस्तक, दिवाळी अंकातली जुनी कथा, नाहीतर याच अंकातली एखादी गोष्ट, त्यातली एक जागा घरातल्या एका माणसाला सांगा. आणि सांगून झाल्यावर गप्प बसा. समोरच्याला बोलायला जागा ठेवा. तो काय बोलतो, ते आम्हाला जरूर लिहून कळवा.