कोंदणाची परीक्षा

रत्नाची परीक्षा कशी करावी हें सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या पूर्वजांनींही या बाबतींत कसूर केलेली नाहीं. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत हिरा, मोतीं, माणीक व पाचू यांच्या परीक्षेस स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. परंतु धातूच्या ज्या बारीकशा कडेवर त्या रत्नाचें आपल्या घरांतील वास्तव्य अवलंबून असतें, त्या कोंदणाची परीक्षा करण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. आमच्याही आलें नव्हतें. आणि त्याचा दंड आम्हांस नव्हे, तर एका निरपराध बाईस भोगावा लागला. तुळशीचीं लग्नें लागून लग्नसराई सुरू झाली कीं घरोघरीं जुने डागिने पेटींतून बाहेर निघतात, म्हणून ती हकीकत या सदरांत सांगण्याचें योजिलें आहे.

गोष्ट इ. स. १९८९ च्या श्रावणांतील. आमच्या धाकट्या बंधूंचें लग्न नुकतेंच वैशाखांत झालें होतें व मातोश्रींनीं आपल्या बोटांतील सात लहान माणकांची अंगठी नव्या सूनबाईंस दिली होती. पहिली मंगळागौर थाटानें पार पडली. रात्रभर झिम्मा-फुगड्या झाल्या. दुसरे दिवशीं सकाळीं पाहतात तों अंगठींत सहाच माणकें! घर झाडून पाहिलें, निर्माल्य चाळून पाहिलें, खडा सांपडेना. आमच्याकडे केर-भांड्यांस एक वयस्क बाई येत असत. त्यांस कोणीं चोर म्हटलें नाहीं. “सकाळीं माजघर तुम्हींच झाडलें ना?” एवढेंच आम्हीं विचारलें. पण विचारण्याचीही एक तऱ्हा असते. बाईंनीं हातांतील केरसुणी भिंतीशीं टेकून ठेवली, आणि दुसरे दिवसापासून त्या कामास आल्या नाहींत.

पुढें नवा खडा बसविण्यासाठीं अंगठी घेऊन आम्ही पेठेंतील एका वृद्ध सोनारांकडे गेलों. त्यांनीं ती भिंगाखालीं धरली व विचारलें, “मास्तर, ही अंगठी बोटांत घालून घरांत काय काम होत असे?” आम्हीं सांगितलें कीं, मातोश्री रोज पहांटे देवपूजेचीं उपकरणीं चिंच आणि राख लावून स्वतः घांसतात, आणि तीस वर्षांत ही अंगठी बोटांतून क्वचितच निघाली असेल. “मग खडा राखेनें नेला म्हणा,” असें म्हणून त्यांनीं भिंग आमच्या हातीं दिलें. रिकाम्या घराभोंवतालची सोन्याची कड कांद्याच्या पापुद्र्यासारखी झिजली होती, आणि एके ठिकाणीं ती चक्क उचलली गेली होती.

यांतील मर्म असें. फ्रीड्रिख मोस या खनिजशास्त्रज्ञानें इ. स. १८१२ मध्यें पदार्थांच्या काठिण्याची जी दहा पायऱ्यांची श्रेणी लावून दिली, तींत हिरा दहाव्या पायरीवर व माणीक नवव्या पायरीवर आहे. शुद्ध सोनें मात्र अडीच ते तीनच्या दरम्यान बसतें. म्हणजे ज्यास धरावयाचें तें अति कठीण आणि धरणारें मऊ! राखेनें माणकास कांहींच होत नाहीं, सोनें मात्र दिवसेंदिवस झिजत राहतें. खडा पूर्ववत् चमकत असल्यामुळें धन्यास वाटतें कीं सर्व कांहीं ठीक आहे.

त्या दिवशीं दोन घटका बसून आम्हीं त्यांचें काम पाहिलें. प्रथम खड्याच्या घेराएवढी पातळ पट्टी वळवून तिचीं टोंकें झाळतात व ती अंगठीवर झाळून बसवितात. विस्तवाचें काम येथेंच संपलें पाहिजे, कारण आंचेनें कित्येक खडे तडकतात. मग पट्टीच्या आंत खड्यासाठीं बैठक कोरतात. खडा तींत ठेवून बोटानें दाबला असतां किंचितही डुगडुगतां कामा नये. डुगडुगला तर बैठक पुन्हां कोरावयाची. जो खडा बैठकींत स्थिर नाहीं, तो वरून कितीही दाबला तरी घट्ट होत नाहीं, उलट फुटण्याचा संभव. पट्टी उंच राहिली तर वळवितांना तिला सुरकुत्या पडतात. ठेंगणी राहिली तर ती खड्यावर वळतच नाहीं.

शेवटचें काम कड दाबण्याचें. तें एका टोंकापासून सुरू करून गोल फिरत केलें तर जादा धातु एके ठिकाणीं गोळा होतो आणि खडा तिरपा होतो. म्हणून आधीं पूर्व, मग पश्चिम, नंतर दक्षिण, मग उत्तर, असें समोरासमोर दाबीत जावें लागतें. लोणच्याच्या बरणीस दादरा बांधतांना आपल्या घरच्या स्त्रिया समोरासमोरचीं टोंकें ओढून घेतात, तीच ही युक्ति.

याखेरीज दोन प्रकार घरोघरीं आढळतात. एकांत खडा धातूच्या बारीक नखांनीं धरलेला असतो. दोन मिलिमीटर व्यासाचा हिरा सुमारें ०.०३ कॅरट, म्हणजे अवघा सहा मिलिग्रॅम भरतो. त्यास धरणारीं नखें किती नाजूक असतील याची कल्पना करावी. बावीस कॅरट सोन्याचीं नखें लौकर वांकतात, म्हणून बारीक हिऱ्यांस पुष्कळदां अठरा कॅरट सोनें वापरतात. दुसरा प्रकार जयपूर-बिकानेरकडील कुंदनाचा. त्यांत आंत लाख भरून, खड्याखालीं चकाकता पातळ पत्रा घालून, अति शुद्ध सोन्याच्या पट्ट्या खड्याभोंवतीं केवळ हातानें दाबून बसवितात. शुद्ध सोनें दाबानेंच एकजीव होतें, आंच लागत नाहीं. असा डागिना पाण्यांत घालणें म्हणजे आंतील पत्रा काळा पाडणें होय. आणि ऊन पाण्यानें तर लाखही मऊ होते.

कित्येक वाचक म्हणतील कीं, आमच्या डागिन्यावर हॉलमार्क आहे, मग चिंता कशाची? परंतु हॉलमार्क सोन्याच्या शुद्धतेची ग्वाही देतो, खड्याच्या बैठकीची नव्हे. ती परीक्षा घरींच करावी. डागिना कानाजवळ नेऊन हळूच बोटानें टिचकी मारावी. सैल खडा बारीकसा वाजतो. मग तलम रेशमी कापडावरून तो अलगद फिरवावा. धागा अडकला तर एखादें नख किंवा कड उचलली आहे असें समजावें. उघड्या बैठकीचे माणीक-हिरे रिठ्याच्या कोमट पाण्यांत मऊ कुंचल्यानें धुवावे, तेंही वाडग्यांत, मोरीवर नव्हे. पाचूस मात्र फार जपावें. त्यांतील चिरा पुष्कळदां तेलानें भरलेल्या असतात, व ऊन पाण्यानें तें तेल निघून जातें. मोत्यास ओलसर फडकें पुरे. घासण्या-पुसण्याच्या वेळीं अंगठी काढून ठेवावी. आणि डागिना अंगावर घालतांना व उतरवितांना खडे मोजावे.

त्या माणकाचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. दिवाळींत सूनबाईंनीं मंगळागौरीची पैठणी घडी मोडून पसरली, तों पदराच्या धाग्यांत अडकलेलें माणीक खालीं पडलें. फुगडी घालतांना उचललेली कड पदरांत गुंतली असावी. आम्ही त्याच संध्याकाळीं बाईंच्या घरीं गेलों, हात जोडले. बाईंनीं आम्हांस बसावयास पाट दिला, पाणी दिलें, आणि म्हणाल्या, “सांपडलें ना? बरें झालें.” कामावर मात्र त्या पुन्हां आल्या नाहींत, आणि आम्हांसही आग्रह करण्यास तोंड नव्हतें.

सोनारांनीं सातही घरांच्या कडा नव्यानें केल्या. तें माणीक आजही घट्ट आहे. ती अंगठी आतां आमच्या पुतणीच्या बोटांत आहे. तिला ती देतांना आम्हीं एकच सांगितलें: खडा दिसेनासा झाला तर आधीं कोंदण पाहा, माणसांकडे मागून पाहा.