मिथाइलकोबालामिन : ना अमृत, ना विष

हातापायांना मुंग्या येतात, तळपाय बधिर होतात, अशी तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपणां सर्वांच्या चिकित्सालयात नित्याचाच आहे. त्याच्या बाबतीत आपल्यात दोन टोके दिसतात. काही वैद्यबंधू 'हा शुद्ध वातव्याधी' म्हणून रक्ततपासणीच करीत नाहीत. तर काही जण निदानाआधीच मिथाइलकोबालामिनचे लाल इंजेक्शन 'ताकदीचे' म्हणून टोचतात. दोन्ही मार्ग सारखेच अशास्त्रीय आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चूक माझ्याच हातून घडली आहे. काही वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे आले. पूर्ण शाकाहारी, आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन सुरू. पायांच्या सुप्ततेसाठी मी अभ्यंग, स्वेदन व बस्ती असा क्रम पाच महिने चालविला. थोडा उपशय मिळे, म्हणून मी निश्चिंत राहिलो. पुढे अंधारात चालताना त्यांचा तोल जाऊ लागला, तेव्हा तपासणी केली. ब-१२ चे प्रमाण मिलिलिटरमागे ९० पिकोग्रॅम निघाले. साधारणतः २०० च्या खाली ही कमतरता मानतात. इंजेक्शनांनी तोल सावरला. बधिरता मात्र कायम राहिली. मज्जारज्जूची हानी लांबली की ती पूर्ण भरून येत नाही. माझ्या विलंबाचे मोल रुग्णाने दिले.

१९२६ मध्ये मायनॉट व मर्फी यांनी घातक पांडुरोगात यकृताच्या आहाराचा गुण दाखविला आणि १९४८ मध्ये यकृतातून हे जीवनसत्त्व वेगळे करण्यात आले. अतिरक्तस्रावात शेळीचे यकृत् सुश्रुतसंहितेतही सांगितले आहे. म्हणून ब-१२ आपल्याला आधीच ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. परंतु धातुक्षयजन्य वातप्रकोप मानणाऱ्या शास्त्राने त्याला परके मानण्याचेही कारण नाही.

मिथाइलकोबालामिन हे शरीरात प्रत्यक्ष कार्य करणाऱ्या दोन रूपांपैकी एक, दुसरे अडेनोसिलकोबालामिन. कोणतेही रूप दिले तरी पेशी त्यापासून आपल्याला हवे ते रूप घडविते. त्यामुळे 'मिथाइल तेवढे खरे, स्वस्त सायनोकोबालामिन विषारी' या प्रचाराला आधार नाही. त्यातील सायनाइडचा अंश अत्यल्प असतो. तसेच कमतरता नसलेल्या रुग्णात या औषधाने मुंग्या जातातच, याचा पुरावा तोकडा आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने हे औषध सौम्य आहे. ते पाण्यात विरघळते व त्याच्या सेवनाची कमाल मर्यादा ठरविलेली नाही. तथापि मुरुमे, मळमळ आणि क्वचित तीव्र ॲलर्जी संभवते. गंभीर पांडुरोगात उपचार सुरू होताच रक्तातील पोटॅशियम घटू शकते, हे हृदयरुग्णाच्या बाबतीत विसरू नये. याहून मोठा धोका अज्ञानाचा आहे. केवळ फॉलिक ॲसिड दिल्यास पांडुता सुधारते, पण नाडीसंस्थेची हानी आतल्या आत वाढत राहते. मिथाइलकोबालामिनसोबत प्रेगाबॅलिन असलेल्या संयुक्त गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो. दोष मात्र व्याधीच्या माथी मारला जातो.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : शाकाहारी, वृद्ध, गर्भिणी, आम्लनाशक औषधे वा मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणारे आणि जठर वा आंत्राची शस्त्रक्रिया झालेले, अशांना सुप्तता असेल तर पहिल्याच भेटीत तपासणी करावी. रक्त आधी घ्यावे, इंजेक्शन नंतर द्यावे; अन्यथा निदानच झाकोळते. कमतरता सिद्ध झाली की पूर्ण मात्रेत पूरण करावे, चालण्यात दोष दिसताच मज्जातज्ज्ञाकडे पाठवावे आणि सोबत अग्निदीपन व बस्ती अवश्य चालू ठेवावी.

निदानपंचकाचा अभिमान बाळगणाऱ्या आपण हेतूचा शोध अर्ध्यावर सोडणे शोभत नाही. रक्ताची एक साधी तपासणी आयुर्वेदाला उणेपणा आणीत नाही. ती न केल्याने अधू झालेला रुग्ण मात्र निश्चित आणतो.