तपासनीस नको, मग करार कसला?

५ फेब्रुवारी २०२६ रोजी अमेरिका आणि रशिया यांच्यातील 'न्यू स्टार्ट' कराराची मुदत संपली. ती एकदाच, पाच वर्षांनी वाढवण्याची सोय होती. ती २०२१ मध्येच वापरून झाली होती. आमच्या शिक्षकदालनात ही बातमी वाचून कुणाचा चहाचा घोटही थांबला नाही. एका सहकाऱ्यांनी तर निकालच देऊन टाकला : "दोन दरोडेखोरांचा आपापसांतला करार तो! राहिला काय नि गेला काय!" असल्या वाक्याला टाळी हमखास मिळते. पण हे मत आळशी आहे, आणि सुशिक्षितांनी त्यापुढे मान डोलवावी याचा मला संताप येतो.

त्यात खरे आहे तेवढे मान्य करतो. प्रत्येक बाजूला तैनात अण्वस्त्रे १५५०, ही त्या कराराची मर्यादा. कोठारात ठेवलेली मोजायचीच नाहीत. अवजड बॉम्बर विमान कितीही अस्त्रे वाहो, हिशेबात ते एकच. आठवीतल्या मुलाने असले गणित मांडले, तर मी त्याला बाकावर उभा करीन! आणि १५५० हा आकडा तरी कुठल्या शांततेचा? हिरोशिमाला एकच पुरला होता.

पण कराराचा जीव आकड्यात नव्हताच, तो तपासणीत होता. वर्षाला अठरापर्यंत तपासण्या. ३२ तास आधी सूचना द्यायची. पण तळावरचे नेमके कोणते क्षेपणास्त्र उघडायचे, हे तपासनिसाने तिथे पोचल्यावर सांगायचे. मग टोपण निघे. रचना दिसू नये म्हणून आतल्या अस्त्रांवर आच्छादन असे, पण ती किती आहेत हे मोजता येई. वैऱ्याने वैऱ्याच्या माजघरात शिरून भांडी मोजावीत, तसला हा प्रकार! अशा ३२८ तपासण्या झाल्या.

या रीतीचा पाया डिसेंबर १९८७ मध्ये रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर सही केली तेव्हा पडला. 'विश्वास ठेवा, पण पडताळा' ही रशियन म्हण रेगननी समारंभातही ऐकवली, तेव्हा ही तर तुम्ही प्रत्येक बैठकीत ऐकवता, असा टोला गोर्बाचेव्हनी लगावला होता. १ जून १९९१ पर्यंत २६९२ क्षेपणास्त्रे नष्ट झाली. रशियातल्या वोत्किन्स्कला (संगीतकार चायकोव्हस्कीचे हे जन्मगाव) क्षेपणास्त्र-कारखान्याच्या फाटकाशी अमेरिकन तपासनीस ठाण मांडून होते; अमेरिकेच्या यूटा राज्यात मॅग्ना येथे तसेच रशियन. पुढे १९९१ च्या 'स्टार्ट' करारानंतर ॲरिझोनात बी-५२ विमाने अजस्र पात्याने कापली गेली, आणि रशियन उपग्रहांना दिसावेत म्हणून तुकडे उघड्यावर ठेवले गेले. १९८६ च्या सुमारास जगात सुमारे ७० हजार अण्वस्त्रे होती. आज सुमारे १२ हजार आहेत. शीतयुद्ध संपले हे त्याचे कारण आहेच. पण समोरच्याने खरोखर मोडले, हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोण आपले मोडतो?

२००२ चा बुश-पुतिन मॉस्को करार पाहा. मर्यादा १७०० ते २२००. तपासणीची स्वतःची सोय शून्य. जुन्या 'स्टार्ट'च्या तपासणीवर तो उधारीने जगला, आणि ती उधारी डिसेंबर २००९ मध्ये संपली.

आता पडझडीचा क्रम बघा. रशियाने करार मोडल्याचा आरोप करून अमेरिकेने ऑगस्ट २०१९ मध्ये १९८७ चा करार सोडला. मार्च २०२० मध्ये करोनामुळे 'न्यू स्टार्ट'च्या तपासण्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुतिन यांनी करार स्थगित केला. मात्र आकड्याची मर्यादा पाळू, असेही रशियाने सांगितले. म्हणजे पेपर प्रामाणिकपणे लिहू, पण वर्गात पर्यवेक्षक नको! खरा करार मेला तो इथे. २०२६ ला नुसता तेराव्याचा दिवस उजाडला.

उपग्रह आहेत ना, असे कोणी म्हणेल. उपग्रहाला झाकण दिसते. झाकणाखाली एक आहे की तीन, ते दिसत नाही. चीन कुठे सामील होता, असेही विचारतात. चीन यायला हवा, हे खरेच. पण जगातली सुमारे नऊ-दशांश अण्वस्त्रे या दोघांकडे आहेत. शेजारी हिशेब देत नाही, म्हणून आपली वहीही फाडायची?

आणि आपल्या घरचे काय? एकमेकांच्या अणुप्रतिष्ठानांवर हल्ला न करण्याचा करार भारत-पाकिस्तानने ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला. १९९२ पासून १ जानेवारीला प्रतिष्ठानांच्या याद्यांची देवघेव होते. १९९९ च्या कारगिलनंतरच्या जानेवारीतही ती झाली. यादी पडताळायला मात्र कोणी कुणाकडे जात नाही. दिल्लीत किंवा इस्लामाबादेत 'तपासनीस' हा शब्द नुसता उच्चारून पाहा, देशद्रोही ठरायला संध्याकाळ लागणार नाही.