मानभावी आणि परूशी : दोन शब्दांची साक्ष

'मानभावी' हे विशेषण आपण मराठीत सहज वापरतो. वरवर नम्र, आतून कपटी, असा त्याचा अर्थ शब्दकोश देतात. तो कोठून आला, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. 'महानुभाव' या पंथनामाचे लोकांच्या तोंडी 'मानभाव' झाले आणि एका संपूर्ण पंथाचे नाव ढोंगाला पर्याय म्हणून रूढ झाले. ज्या पंथाने मराठी गद्याचा पाया घातला, त्याची मराठीने ही परतफेड केली! अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे गाव. येथेच म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' सिद्ध केले. वऱ्हाडात मराठी शिकवणाऱ्या आम्हांस, द्वेषमूलक वाणीचा विचार करताना, दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही.

ख्रिस्ती परंपरेने या विषयाला एक सूत्र दिले आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौलाने सत्य बोलणे आणि प्रेम यांची सांगड घातली. या सूत्राचा अर्थ पुष्कळदा 'गोड बोलावे' एवढाच घेतला जातो. तो आम्हांस मान्य नाही. शास्त्री आणि परूशी यांच्या दांभिकतेवर येशूने जे कोरडे ओढले, ते गोड खचितच नव्हते. मात्र बोलणारा स्वतः यहुदी होता आणि आपल्याच समाजातील धर्माधिकाऱ्यांना त्यांच्या कृत्यांचा जाब विचारीत होता. पुढे तेच शब्द परक्यांच्या हाती गेले. युरोपीय भाषांत 'परूशी' म्हणजे ढोंगी असा अर्थ स्थिरावला, आणि आत्मटीकेचे शब्द यहुदी समाजाविरुद्धचे शस्त्र बनले. 1543 साली मार्टिन ल्यूथरने यहुद्यांविरुद्ध ग्रंथ लिहिला, तोही त्यांची 'असत्ये' उघडी पाडण्याच्या नावाखाली. द्वेष स्वतःला द्वेष म्हणवून घेत नाही. तो सत्याचा अंगरखा घालूनच येतो.

'मानभावी' आणि 'परूशी' या दोन शब्दांची कुळकथा अशी एकच आहे. व्यक्तीचा दोष समूहाच्या नावावर चढवला की द्वेषाची भाषा जन्मते. प्रेमाने बोललेले सत्य कृत्याला नाव देते, कर्त्याला जाब विचारते आणि तेथेच थांबते. त्याच्या जातीला, पंथाला, जन्माला हात घालीत नाही. तीव्रता दोन्हीकडे असू शकते. म्हणून स्वर मोजू नये; बोटाचा रोख पाहावा.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती लेखनालाही ही कसोटी लावली पाहिजे. मोरभट दांडेकरांशी झालेल्या वादात जॉन विल्सन यांनी 1832 साली जे पुस्तक लिहिले, त्याच्या शीर्षकातच हिंदू धर्माला उघडे पाडण्याची भाषा होती. तो खंडनमंडनाचा काळ होता, प्रतिपक्षही तितकाच धारदार होता, हे खरे. परंतु समोरच्याला उघडे पाडण्याच्या आवेशात त्याला समजून घेणे मागे पडते. याच्या उलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' पाहावीत. त्यांचा पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर बाईंवर कोसळलेले दुःख, टिळकांचा तापटपणा, स्वतःच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पना, हे सर्व त्यात निःसंकोच आले आहे. सोडलेल्या धर्मावर सूड नाही, स्वीकारलेल्या धर्माची जाहिरात नाही. लपवले काही नाही आणि तुच्छ लेखले कोणालाही नाही. पौलाच्या त्या सूत्रावर मराठीत याहून चांगले भाष्य आम्हांस ठाऊक नाही.

अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. या पदावर आलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला. त्यांच्या लेखनावर टीका झाली असती तर ती वाङ्मयीन चर्चा ठरली असती. आक्षेप होता तो त्यांच्या झग्यावर, आणि 'धर्मांतर' हा आरोप त्या झग्यालाच चिकटवला गेला. 'सुवार्ता'चे संपादन, 'सुबोध बायबल', वसईच्या हिरवाईसाठी गुंडगिरीविरुद्ध दिलेला लढा, हे सारे एका शब्दाआड झाकले गेले. फादर आजारी होते, तरी संमेलनास आले आणि काळातील असहिष्णुतेविषयी स्पष्ट बोलले. अपशब्दाला त्यांनी अपशब्दाने उत्तर दिले नाही. पण मौनही पत्करले नाही. 25 जुलै 2024 रोजी त्यांचे निधन झाले.

प्रेमाची अट घातली तर सत्य बोथट होईल, अशी शंका काही मित्र घेतात. आमच्या मते ती अट सत्याला अचूक करते. 'सगळे असेच' म्हणणारा काहीच तपासत नाही. म्हाइंभटांनी मात्र चक्रधरांच्या आठवणी, ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. इतके कष्ट प्रेमाखेरीज कोण घेतो?

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे कधी नवा शब्दकोश सिद्ध झालाच, तर 'मानभावी' हा शब्द गाळू नये. गाळणे म्हणजे घडलेले नाकारणे. अर्थाखाली त्याचा इतिहास द्यावा : हा शब्द कोणाच्या नावावरून आला आणि त्या नावावर कोणता अन्याय झाला. आणि तोवर हे काम आपल्या वर्गात, फळ्यावर हा शब्द लिहून, आपणच सुरू करावे.