गळतीचे मूळ कोठे?

रोजमेळ जुळेनासा झाला की जाणता व्यापारी सगळी वही नव्याने लिहावयास घेत नाही. फरक कोणत्या पानावर पडला ते प्रथम शोधतो. दांडा दाबून एस्प्रेसो कॉफी काढण्याच्या घरगुती यंत्रातून पाणी ठिबकू लागले की हीच रीत उपयोगी पडते. यंत्र किमती असते; गळतीचे कारण मात्र पुष्कळदा एखादी झिजलेली रबरी रिंग एवढेच असते.

या यंत्रांचे माहेर इटलीतील मिलान शहर. तेथील अकिले गाज्जिया यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर दांडा व पिस्टन यांच्या जोरावर कॉफी काढणारे यंत्र बाजारात आणले. पुढे १९६१ च्या सुमारास त्याच शहरातील ला पावोनी कंपनीचे ‘यूरोपिकोला’ हे घरगुती यंत्र आले. त्याची रचना साधी आहे. दांडा वर उचलला की बॉयलरमधील गरम पाणी पुढच्या नळकांड्यात येते. दांडा खाली दाबला की पिस्टन ते पाणी दळलेल्या कॉफीतून ढकलतो. या पिस्टनवर दोन रबरी रिंगा असतात.

थेंब कोठून पडतो, यावरून दोषी रिंग ओळखता येते. दांडा खाली असतानाही कपात पाणी ठिबकत असेल, तर पिस्टनची खालची रिंग झिजलेली असते. पिस्टनच्या सळईलगत वरून पाणी येत असेल, तर वरच्या रिंगेचा किंवा सळईभोवतीच्या रिंगेचा संशय घ्यावा. कॉफीच्या मुठीच्या कडेने पाणी निसटत असेल, तर तेथील गॅस्केटवर कॉफीचे कण अडकले आहेत का ते आधी पाहावे. कॉफी फार बारीक दळली गेली तरी असे होते. पाणी बुडातून येत असेल, तर तेथे वीज आणि पाणी एकत्र येतात. अशा वेळी प्लग काढावा आणि काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे.

यंत्र उघडण्यात उतावीळ करू नये. दाबाखालील पाणी १०० अंशांहून अधिक तापलेले असते. वाफ असताना कुकरचे झाकण कोणी उघडत नाही. तोच नियम येथेही आहे. प्लग काढून यंत्र पूर्ण थंड होऊ द्यावे, वाफेची तोटी उघडून उरलेला दाब सोडावा, मगच टोपण व पाना हाती घ्यावा.

जुनी रिंग काढण्यापूर्वी तिच्या ओठाची दिशा दाखवणारे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण उलट बसवलेली रिंग पाणी अडवत नाही. सुमारे २००० साली नळकांड्याची रचना बदलली. म्हणून नवी रिंग मागवताना यंत्राचे साल सांगावे. आतील क्षार सायट्रिक आम्लाच्या पाण्याने काढून नळकांडे स्वच्छ धुवावे. रिंगेला खाद्यपदार्थांसाठी चालणारे सिलिकॉन ग्रीस पातळ लावावे. व्हॅसलीन लावू नये. त्याने काही प्रकारचे रबर फुगते.

जोडणी झाल्यावर कॉफी न घालता केवळ पाण्याने दोनतीनदा दांडा चालवून पाहावा. थेंब थांबला, की रिंग बदलल्याची तारीख घरच्या वहीत नोंदवावी. पुढच्या वेळी गळती झाली, तर शोध त्या नोंदीपासून सुरू करता येतो.