‘शर्यत सुरू केली नाही’ : कोणी?

मैत्रिणींनो, शिडाच्या शर्यतींचे गुण उलटे मोजतात. पहिल्या येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. सगळ्या फेऱ्यांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो जिंकला. आणि जो सुरुवातीच्या रेषेवर आलाच नाही, त्याच्या नावापुढे ‘डीएनएस’ लिहितात. म्हणजे ‘शर्यत सुरू केली नाही’. त्याला एकूण स्पर्धकांपेक्षा एक गुण जास्त मिळतो. अगदी शेवटी आलेल्याच्याही तो मागे.

मागच्या फेब्रुवारीत पणजीजवळच्या किनाऱ्यावर तीन क्लबांच्या मुलामुलींची विंडसर्फिंगची स्पर्धा झाली. 22 स्पर्धक होते, त्यांत 6 मुली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निकालपत्रक लागले, तेव्हा त्या सहांपैकी तिघींच्या नावापुढे ओळीने तेच लिहिले होते. डीएनएस, 23. डीएनएस, 23. डीएनएस, 23. संयोजन समितीत मी होते. त्या तीन ओळींबद्दल मला लिहायचे आहे.

विंडसर्फिंग आणि आपले मासिक! काहीजणी म्हणतील, बलात्काराचे खटले, हुंडा, पाणी-रेशन हे प्रश्न संपले की काय? शिवाय हा पैसेवाल्यांचा खेळ. फळी, डोलकाठी आणि शीड नवे घ्यायचे तर साध्या घराच्या आवाक्यातली गोष्ट नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, कारण सुरुवातीला तो माझाच होता. आमच्या गटाला बोलावले होते तेही ‘महिला म्हणून’. नाश्ता, प्रमाणपत्रे आणि बक्षीस देणाऱ्या पाहुण्याबाईंची व्यवस्था एवढेच काम. आम्ही म्हटले, नाश्ता बघू, पण समितीत बसू. चहा येतो तिथे बसून निर्णय होत असतील, तर चहा करणारीलाही खुर्ची हवी.

पहिल्या बैठकीत पत्रक वाचले गेले. ‘16 वर्षांखालील सर्वांसाठी खुली.’ मी विचारले, मुलींचे काय? उत्तर आले, “ताई, सर्वांसाठी म्हटलंय ना? मुली आल्या तर स्वागतच आहे.”

‘खुली’ या शब्दाचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ऑलिम्पिकमध्ये नौकानयनाच्या शर्यती वर्षानुवर्षे नियमाने खुल्याच होत्या. 1900 साली एलेन द पुर्तालेस ही बाई एका विजयी नावेवर होतीसुद्धा. पण प्रत्यक्षात पुढची कित्येक दशके नावांवर बहुतेक पुरुषच दिसले. बायकांची स्वतंत्र शर्यत आली ती 1988 साली, सोलमध्ये. विंडसर्फिंग 1984 मध्ये लॉस एंजेलिसला आले, तर बायकांचे विंडसर्फिंग 1992 मध्ये बार्सिलोनाला. आणि लगेच पुढच्या खेपेला, 1996 साली, हाँगकाँगला आजवरचे पहिले ऑलिम्पिक पदक मिळाले ते ली लाय-शान या मुलीने विंडसर्फिंगमध्ये मिळवलेले सुवर्ण. ती चेउंग चाउ या मासेमारीच्या बेटावर वाढलेली. दार उघडे आहे असे नुसते म्हटल्याने कोणी आत येत नाही. आत यायला पायरी लागते.

आमच्या किनाऱ्यावरची पहिली पायरी वेळेची होती. सकाळी जमिनीवरून येणारा वारा मंद असतो, त्यावर शर्यत होत नाही. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरून वारा भरतो आणि चार-पाचपर्यंत टिकतो. म्हणून फेऱ्या दुपारी, हे ठीक. पण बक्षीस समारंभ रात्री आठला ठेवला होता, कारण पाहुण्यांना तेव्हा सवड होती. लांबच्या गावातली मुलगी आठनंतर कोणत्या बसने घरी जाणार? मुलगा मित्राच्या दुचाकीवर जाईल. मी म्हटले, वारा आपल्या हातात नाही, भाषणे आहेत. समारंभ साडेपाचला आला. भांडण एवढ्यावर मिटले, पण हे कोणाला आधी सुचले नव्हते.

दुसरी पायरी सामानाची. क्लबांकडे फळ्या मोजक्या, म्हणून चांगल्या ‘जिंकणाऱ्यांना’ आणि उरलेल्या मुलींना. या वयात वापरतात ती टेक्नो जातीची फळी 293 सेंटिमीटर लांब असते. 15 वर्षांखालच्यांसाठी तिला 6.8 चौरस मीटरचे शीड लावतात, 17 खालच्यांसाठी 7.8 चे. आमच्या तेरा वर्षांच्या मुलींच्या हातात जुनी, मोठी शिडे आली होती. त्या पडायच्या, आणि काठावरचे लोक म्हणायचे, “मुलींच्या दंडात जोर नाही.” मग एका प्रशिक्षकाने मला समजावले की पाण्यात पडलेले शीड जड वाटते ते त्याच्यावरच्या पाण्यामुळे. दोरीने त्याची कड जराशी उचलून पाणी निथळू द्यायचे, मग अंगाचा भार मागे टाकून सावकाश ओढायचे. युक्ती लागते, दांडगाई नाही. योग्य मापाचे शीड दिले आणि ही युक्ती दाखवली, तेव्हा त्याच मुली उभ्या राहिल्या. बायकांच्या कमकुवतपणाच्या किती गोष्टी अशा चुकीच्या मापाच्या शिडांतून जन्मल्या असतील!

तिसरी पायरी किनाऱ्याच्या मालकीची. शर्यतीच्या खुणांचे बोये जिथे टाकायचे होते, तिथेच रापण ओढतात. समितीतले एकजण म्हणाले, पोलिसांना सांगून दोन दिवस जागा मोकळी करून घेऊ. 1970 च्या दशकात यांत्रिक ट्रॉलरांविरुद्ध उभे राहिलेल्या रापणकारांच्या गोव्यात हे बोलणे! आम्ही दोघीजणी वाड्यावर गेलो. रापण सकाळची, शर्यत दुपारची. भांडणाचे कारणच नव्हते, फक्त विचारायला हवे होते. निघताना मासे विकणारी एक मावशी म्हणाली, “आमचे झिलगे तुमच्या बचावाच्या होडीवर रोजावर येतात. आमच्या पोरींना त्या फळीवर कोण घेणार?” या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. समुद्र तिच्या दारात, आणि तिच्या मुलीला पोहायलाही कोणी शिकवलेले नाही. त्या वाड्यातल्या दोन मुली दोन महिने सरावाला आल्या आणि स्पर्धेत उतरल्या, ते या प्रश्नामुळे.

आता त्या तीन ओळी.

पहिली मुलगी तेरा वर्षांची. रविवारी सकाळी तिची पाळी आली. किनाऱ्यावर एकच संडास, तोही मुलांच्या कपडे बदलायच्या खोलीतून जाऊन. ओल्या कपड्यांत चार तास काढायचे, आणि कोणाला सांगायचे? सगळे प्रशिक्षक पुरुष. ती आलीच नाही. यात माझा दोष मोठा आहे. मुलींसाठी तात्पुरती खोली आणि संडास ही मागणी मीच मांडली होती. खर्चाच्या बैठकीत मंडप की संडास असा प्रश्न आला आणि मी ‘यंदा भागवून घेऊ’ म्हणून गप्प बसले. समितीत माझ्याविषयी ‘हिचे नेहमीचेच’ असे मत होऊ नये म्हणून. वीस वर्षे चळवळीत काढलेल्या बाईने!

दुसरी वाड्यातली. शनिवारी कोणीतरी तिचा फोटो काढला, ओले अंग, घट्ट कपडे, आणि रात्रीपर्यंत तो गावातल्या मोबाइलांवर फिरला. खाली काय काय लिहिले होते ते इथे लिहीत नाही. बापाने सांगितले, पुरे झाले. आम्ही घरी गेलो तेव्हा तो रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. “बाई, तुम्ही उद्या जाल. गावात आम्हाला राहायचंय.”

तिसरीही वाड्यातली. तिच्या घरी कोणाचाच विरोध नव्हता. आईनेच तिला पाठवले होते. पण रविवार हा मासळी विक्रीचा मोठा दिवस, आई बाजारात, आणि धाकट्या भावंडांना बघायला दुसरे कोणी नाही. शनिवारी पहिल्या फेरीत ही मुलगी नववी आली होती, तेरा जणांच्या पुढे.

तिघींची तीन कारणे : शरीर, नजर आणि घरकाम. आपल्या शिबिरांत फळ्यावर आपण हेच शब्द लिहीत आलो आहोत ना? तीच गोष्ट निकालपत्रकात मात्र तिच्याच नावावर जमा झाली. तिने सुरू केली नाही.

समितीतले एक प्रशिक्षक भला माणूस, मुलींना फी न घेता शिकवणारा. ते म्हणाले, “ताई, नियम सर्वांना सारखा. मुलींसाठी गुण बदलले तर तो त्यांचाच अपमान.” नववी आलेल्या मुलीला मी विचारले, तर तीही म्हणाली, “मला सवलत नको.” दोघांचे म्हणणे मला पटते. पाच मिनिटांचा इशारा, एक मिनिटाची खूण, मग सुटणे, हे सगळ्यांना सारखेच असावे. वारा मुलगा-मुलगी ओळखत नाही, हेच तर या खेळाचे सुख. पाण्यावरचा नियम बदलायचा नाही. बदलायचा आहे तो किनारा.

किनारा बदलता येतो याची उदाहरणे आहेत. नेहा ठाकूर ही मध्य प्रदेशातल्या देवासकडची, शेतकऱ्याची मुलगी. समुद्रापासून शेकडो मैल दूर. भोपाळच्या तळ्यावर तिला नाव मिळाली, शिक्षण मिळाले, आणि 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिने मुलींच्या शिडाच्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक जिंकले. सामान सार्वजनिक झाले की खेळ ‘पैसेवाल्यांचा’ राहत नाही. समुद्र नसलेल्या गावाला हे जमते, तर समुद्रावरच्या वाड्याला का नाही?

म्हणून पुढच्या स्पर्धेसाठी आम्ही समितीपुढे ठेवलेल्या मागण्या अशा. मुलींची खोली आणि संडास नसेल तर स्पर्धेची तारीख जाहीर करायची नाही, मंडप नंतर. प्रत्येक बचाव-होडीवर एक बाई, आणि पाण्यातून वर घेताना कुठे धरायचे याचे सर्वांना आधी प्रशिक्षण. पालकांच्या संमतिपत्रावर आईचीही सही. स्पर्धकांचे फोटो फक्त नेमलेल्या व्यक्तीने, संमतीने काढायचे. लहान भावंडांसाठी दोन दिवस किनाऱ्यावर पाळणाघर. आणि तक्रार समिती. लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने क्रीडासंस्था आणि स्पर्धेची जागा यांनाही ‘कामाची जागा’ मानले आहे, हे आमच्या बैठकीत कोणालाच माहीत नव्हते. 2023 मध्ये कुस्तीगीर मुलींना न्यायासाठी जंतरमंतरच्या रस्त्यावर बसावे लागले, ते आपण सर्वांनी पाहिले. स्पर्धक अल्पवयीन असतील तर 2012 चा पॉक्सो कायदाही आहेच.

शेवटची मागणी छोटी आहे. गुण 23 च राहू देत. पण ज्या मुलीपुढे डीएनएस लिहाल, तिच्या घरी समितीतल्या दोघांनी आठ दिवसांत जायचे, आणि कारण वहीत लिहायचे. एका क्लबाने हे मान्य केले आहे. दुसरा विचार करतो आहे. तिसऱ्याने विचारले, “याचा खेळाशी काय संबंध?”

मैत्रिणींनो, तुमच्या गावात विंडसर्फिंग नसेल. कबड्डी असेल, खो-खो असेल, शाळेच्या मैदानावरची धावण्याची शर्यत असेल. यंदा निकाल लागला की पहिल्या तीन नावांवर थांबू नका. कोण आली नाही ते पाहा, तिच्या घरी जा, आणि काय सांगते ते आम्हाला लिहून कळवा. आमची वही आम्ही उघडली आहे. पहिल्या पानावर तीन नोंदी आहेत, आणि त्यांतल्या एकीखाली माझी सही आहे.