दोन रेघांमधले हाड

पोरांची उंची आपण दाराच्या चौकटीवर रेघ मारून मोजतो. हाडांच्या वाढीवर संशोधन होते त्या प्रयोगशाळेतही वाढ दोन रेघांवरूनच मोजतात. टेट्रासायक्लीन हे औषध नव्याने बनणाऱ्या हाडात जाऊन बसते आणि अतिनील प्रकाशात पिवळे चमकते, हे १९५७ साली कळले. (लहान मुलांचे दात या औषधाने पिवळे पडतात, तेही यामुळेच.) प्राण्याला हे औषध काही दिवसांच्या अंतराने दोनदा देतात. दोन रेघांमधल्या अंतराला मधल्या दिवसांनी भागले की रोजची वाढ मिळते. हा भागाकार आम्हा कारकुनांनाही जमेल!

पण त्याआधीचे सारे काम तंत्रज्ञाचे. हाड मऊ करायला कॅल्शियम काढावे, तर रेघच पुसली जाते. म्हणून कडक हाड तसेच राळेत बसवून मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके पातळ काप काढायचे. औषधाची तारीख एका दिवसाने चुकली, की मोठ्या शास्त्रज्ञाचा निष्कर्षही चुकतो.

पालकहो, सायन्सला गेलेल्या आपल्या मुलीला हेही काम दाखवा. आणि काप बिघडला तर “साहेब, हा धरू नका,” असे ठामपणे सांगायलाही शिकवा. निबंधावर तिचे नाव येईल न येईल. त्यातले खरे-खोटे तिच्याच हाती असते.